हिला तलाव आवडतो

रविवार, ६ ऑक्टोबर

लेकीने निवृत्तीच्या दिवशी ही डायरी दिली तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं घडतं काय? काल घडलं. कुणाला सांगता येत नाही म्हणून लिहितो.

मी घाबरलो.

दर शनिवारी आम्ही दोघं मिस्त्रीकडे जेवायला जातो. मिस्त्री माझा शाळेपासूनचा मित्र, तलावाच्या पलीकडच्या वस्तीत त्याचं गॅरेज आहे आणि वरच्या मजल्यावर घर. जेवण, पत्ते, तिथेच मुक्काम आणि रविवारी सकाळी चहा घेऊन परत. हायवेने गेलं की नाकासमोर रस्ता. काल दिवेलागणीला त्या रस्त्यावर एक ट्रक माझ्या डाव्या अंगाला उगवला. आला नाही, उगवला. आधी तिथे काही नव्हतं आणि मग एकदम दाराशी चाकं. मी करकचून ब्रेक मारला, मागच्याने हॉर्नचा ठणाणा केला, आणि पुढे कितीतरी वेळ मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. हिच्या लक्षात आलं नसावं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

ज्या माणसाने उभा जन्म लायसन्सच्या परीक्षा घेतल्या, ज्याला उमेदवार पाठीमागे ‘नापाससाहेब’ म्हणायचे, ज्याच्या शेजारी बसून भल्याभल्यांना घाम फुटायचा, त्याला एका ट्रकने घाम फोडावा? कुणाला कळलं तर आधी हसतील आणि मग गोड बोलून किल्ली काढून घेतील. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं तेच झालं. आता ते दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवतात. माझी गाडी गेली की मी गेलो.

बुधवार, ९ ऑक्टोबर

उपाय सापडला. शनिवारी तलावाकाठच्या जुन्या रस्त्याने जायचं. लांब पडतो, अरुंद आहे, पण ट्रक नाहीत.

हिला म्हटलं, “काय तो हायवेचा धूर खात जायचं! तलावाकाठनं जाऊ. जरा निसर्ग बघू.” मला वाटलं, आता ही माझी फिरकी घेणार. लग्नानंतर फिरायला गेलो तेव्हा मी धबधब्याकडे पाठ करून लोक गाड्या कशा लावतात ते बघत होतो, हे ती अजून चारचौघांत सांगते. पण ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “चला की. मला तलाव फार आवडतो.” सुंठीवाचून खोकला गेला.

कपाटाचं दार कोण उघडं टाकतं कळत नाही. आज पुन्हा खांदा आपटला.

रविवार, १३ ऑक्टोबर

तलावाचा रस्ता झकास. भीती वाटली, पण कमी.

आमच्या गाडीत एक नियम आहे आणि तो मी लग्नापासून पाळायला लावला आहे. चालकाला कुणीही सूचना द्यायची नाही. परीक्षेत मागे बसलेल्या बापाने “बाळा, आरसा बघ” एवढं म्हटलं तरी मी तिथेच गाडी थांबवायचो. नापास, पुढच्या महिन्यात या. लेक लहानपणी एकदा “बाबा, लाल दिवा!” असं ओरडली, तर घर येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नव्हतो. हिने हा नियम कधी मोडला नाही. कालही नाही.

पण तोंडाचा पट्टा! एरवी गाडीत गप्प बसणारी बाई, काल तलाव दिसल्यापासून जी सुरू झाली ती मिस्त्रीच्या दारात थांबली. “किती सुंदर झाड हो, अगदी रस्त्याला खेटून उभं आहे उजवीकडे.” “तो सायकलवाला बघा, डावीकडे, कसा रमतगमत चाललाय. दिवासुद्धा नाही बिचाऱ्याच्या सायकलला.” आणि पुढे जिथे होड्या पाण्यात उतरवायचा उतार आहे तिथे तर कमालच केली. “इथे रस्ता कसा झोकात डावीकडे वळतो, नाही? समोर तो उतार, तो सरळ पाण्यात जातो, आणि आपण अश्शी डावीकडे. मला हे वळण फार आवडतं.” वळणात आवडण्यासारखं काय असतं? मी ते परीक्षकाच्या नजरेने बघितलं असतं तर म्हटलं असतं, कठडा नाही, पाटी नाही, दिवा नाही, अर्जच फेटाळावा.

खरं सांगायचं तर तिचं बोलणं चालू असलं की धीर येतो. कानाला काहीतरी सोबत होते म्हणून असेल.

रविवार, २० ऑक्टोबर

मिस्त्री विचित्र वागायला लागलाय. काल मी सोफ्यावर बसलो होतो आणि हा म्हणे माझ्या बाजूला चहाचा कप धरून कितीतरी वेळ उभा होता. मग कप माझ्या नाकासमोर आणला तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, “अरे, बोलायला काय झालं? तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?” तो हसला नाही. हिच्याकडे बघितलं त्याने. मिस्त्रीवहिनी उगाचच स्वयंपाकघरात गेल्या.

जेवताना म्हणाला, “पुढच्या शनिवारी मीच येतो तुम्हाला न्यायला. गॅरेजमध्ये एक मोठी गाडी आलीय दुरुस्तीला, चालवून बघायचीच आहे.” बहाणा मला लगेच कळला. मी पानावरून उठलोच. म्हटलं, “ज्या दिवशी मला कुणी न्यायला लागेल, त्या दिवशी मी माझी गाडी काढीन आणि एकटाच कुठेतरी निघून जाईन. मग बसा शोधत.” ही बराच वेळ भात चिवडत बसली होती.

म्हणजे संशय आलाय त्यांना. मी घाबरतो हे कळलंय.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

आज फाटकातून गाडी आत घेताना एक बाई उगवली, बाबागाडीसकट. मी ब्रेक मारला. ती मला म्हणाली, “काका, मी मघापासून हात करतेय.” कुठून हात करत होती? हल्ली लोकांना रस्ता कसा ओलांडावा तेच समजत नाही. मी काच खाली करून तिला चार शब्द सुनावले आणि वर येऊन न्हाणीघरात कडी लावून बसलो.  बाबागाडीचं चाक गाडीला टेकलं होतं. मूल हसत होतं.

ही म्हणाली, “एकदा डोळे तपासून घेता का?” मी पेपर उचलला आणि अगदी तळातली, मुंगीएवढ्या अक्षरातली जाहिरात घडाघडा वाचून दाखवली. म्हटलं, डोळे ठणठणीत आहेत. ती म्हणाली, “मग संध्याकाळी जिन्यात भिंत का चाचपडता?” कारण सोसायटीने कमी उजेडाचे दिवे लावलेत. हे तिला सांगायला लागावं?

दुखणं डोळ्यांचं नाहीच, हे माझं मला ठाऊक आहे. दुखणं काळजाचं आहे. मी भित्रा झालोय. आयुष्यभर दुसऱ्यांना घाबरवलं, ते आता व्याजासकट परत येतंय. औषधाच्या दुकानात जाऊन “धीर येण्यासाठी काही आहे का” असं विचारलं, तर पोराने शक्तीची गोळी दिली. घेतो आहे. अजून काही शक्ती जाणवत नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

दिवस लहान झाले. शनिवारी हिचा शिवणाचा वर्ग असतो, बायका जायला पाच वाजतात, मग निघेपर्यंत उजेड उतरलेला. काल ती वर्ग रद्द करून दुपारीच निघू म्हणत होती. मी म्हटलं, आपल्याला जेवायला बोलावलंय, चहाला नाही. का म्हटलं असं? मलाही लवकरच निघायचं होतं. पण तिने म्हटल्यावर हो म्हणणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं.

तलावाचं पाणी आणि रस्ता दोन्ही एकाच रंगाचे दिसत होते. मी पुढ्यातल्या पांढऱ्या पट्ट्याला धरून चाललो होतो. पट्टा मधेच संपला तेव्हा गाडी जवळजवळ थांबवलीच. ही बोलत होती, बोलत होती. “अगबाई, शेळ्या! पाच-सहा आहेत, रस्त्यातच बसल्यात, कशा निवांत! घाई कसली आपल्याला, थांबू या, मला बघायच्यात.” मी थांबलो. खरंच होत्या, अगदी चाकांपुढे.

मिस्त्रीकडे उतरलो तेव्हा बघितलं तर हिच्या ब्लाउजची पाठ घामाने चिंब. नोव्हेंबरात! हिला म्हटलं, रक्तदाब बघून घे. म्हणाली, बघते.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर ही गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलत होती. “नाही ओ भाऊजी, किल्ली लपवली तर दुसरी आहे त्यांच्याकडे. एकटे जातील. मी बरोबर असते तोवर तरी…” पुढचं ऐकू आलं नाही.

तर असा कट आहे. मित्र आणि बायको. किल्ली उशीखाली ठेवून झोपतो आहे. माझ्याच घरात चोरासारखा.

रविवार, १० नोव्हेंबर

नीट लिहायचा प्रयत्न करतो.

हिचा घसा परवापासून बसला होता. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. काल दुपारी तिने कागदावर लिहून दाखवलं, आज नको जाऊ या. मी म्हटलं, “घसा बसलाय, पाय नाही बसले. तू राहा घरी, मी जाऊन येतो.” किल्ली घेऊन निघालो तर ही चपला सरकवत मागे आली.

गाडीत सगळं चिडीचूप. मी चेष्टेने म्हटलंही, “वा, आज निसर्गाला सुट्टी!” ती दार घट्ट धरून बसली होती. फाट्यावर वळलो, तलाव आला, आणि मला पहिल्यांदा कळलं की हा रस्ता मला पाठ नाही. इतक्या वेळा आलो, पण कुठे काय आहे ते सांगता येईना. एकदा तिने माझ्या दंडाला हात लावला, मी हळू केलं, शेजारून काहीतरी सळसळत गेलं. काय होतं कोण जाणे. एकदा हात पुन्हा आला तेव्हा मी वैतागून म्हटलं, “चालवताना हात लावू नकोस.” तिने काढून घेतला.

मग रस्ता सरळ होता. मला सरळ दिसत होता. छान, गुळगुळीत, करडा, थोडा उताराचा.

“थांबा!”

आवाज तिचा नव्हताच. फाटक्या कापडासारखा आवाज. माझ्या पायाने ब्रेक दाबला आणि लिहायला लाज वाटते, पण पहिली जी गोष्ट मनात आली ती राग. चालकाला सूचना दिली! मी तिच्याकडे वळून काहीतरी बोलणार, तोवर पायाला गार लागलं. पावलांपाशी पाणी होतं. दिव्यांचा उजेड पाण्याखालून हिरवा येत होता.

आम्ही बसून राहिलो. हलावं तर गाडी आणखी घसरेल असं वाटत होतं. तिने माझं मनगट धरलं होतं, आणि कुजबुजत विचारलं, “समोर काय दिसतंय तुम्हाला?”

मी म्हटलं, “रस्ता.”

ती रडायला लागली. आवाज नव्हता, नुसतीच हलत होती. मला तेव्हा मरणाची भीती वाटली, ती पाण्याची नव्हे. समोर पाणी असताना मी रस्ता म्हणालो, त्याची.

हँडब्रेक ओढून आम्ही मागच्या दारांनी उतरलो. मिस्त्रीला फोन केला, तो दोर घेऊन आला. मी त्याला सांगितलं, ब्रेक लागला नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

मिस्त्रीने ब्रेक तपासला. म्हणाला, “ब्रेक उत्तम आहे. उत्तम नसता तर तुम्ही दोघं आता तळाला असता.” मग माझ्या समोर स्टूल ओढून बसला. “माझ्या नाकाकडे बघ,” म्हणाला. बघितलं. “आता माझा हात कुठे आहे?”

मी म्हटलं, “खिशात.”

त्याचे दोन्ही हात वर होते. तो ते हलवत होता म्हणे. मी मान फिरवली तेव्हा दिसले, दोन्हीकडे एकेक, काळे, ग्रीसने माखलेले. 

गुरुवार, १४ नोव्हेंबर

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. एका पांढऱ्या भांड्यात तोंड घालून बसवतात आणि हातात बटण देतात. बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. सोपं काम. पण मशीन बिघडलेलं होतं. मधे बराच वेळ दिवे लागतच नव्हते. मी त्या तपासणाऱ्या मुलीला तसं सांगितलं. ती म्हणाली, “हो का काका? बरं, दुसऱ्या डोळ्याचं बघू.” दुसऱ्या डोळ्यालाही तेच. सरकारी काय, खाजगी काय, यंत्रांची देखभाल कुणी करत नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मशीन बिघडलेलं नव्हतं.

काचबिंदू. दोन्ही डोळे. कडेकडेने खात येतो म्हणे, दुखत नाही, खुपत नाही. मधलं शाबूत असतं म्हणून माणूस पेपर वाचतो आणि फुशारकी मारतो. जे गेलं ते परत येणार नाही. थेंब नियमाने घातले तर उरलेलं राखता येईल, बहुतेक. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला आणि मधे थोडी जागा सोडून सगळा काळा केला. “एवढ्यातून तुम्ही गाडी चालवत होतात,” म्हणाल्या. ही शेजारी बसली होती. तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

जिना उतरताना मला आधी काय वाटलं? आनंद! मी भित्रा नाही! काळीज जागच्या जागी आहे! खालच्या पायरीवर पोचेपर्यंत तो आनंद संपला. भित्रेपणा बरा होता. तो गोळीने गेला असता.

रविवार, १७ नोव्हेंबर

काल गेलो नाही. झोप नाही. अंथरुणावर पडून एक डोळा झाकतो, मग दुसरा, आणि छताच्या कोपऱ्यांपैकी किती दिसतात ते बघतो. ती बाबागाडी आठवते. ज्या ज्या वेळी कुणी ‘उगवलं’, त्या त्या वेळी ते तिथे आधीपासून होतं. किती जण उगवले असतील आणि मला कळलेही नसतील? याचं उत्तर कुणाकडे नाही, आणि रात्री तेच विचारत बसतो.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सकाळी लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, “दिवसा तर दिसतं. बाजारापर्यंत जाऊन येऊ. हळू चालवीन.”

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी नाही बसणार.”

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. मी तरातरा खाली गेलो, गाडीत बसलो, किल्ली घातली. समोरच्या काचेतून फाटक दिसत होतं, अगदी स्वच्छ. आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते मला माहीत नव्हतं. कुणी असेल, नसेल. मी मान इकडे फिरवली की तिकडचं जायचं. शाळा सुटली असावी, पोरांचे आवाज येत होते, कुठून ते कळेना. असा बसून राहिलो. इंजिन चालू केलं नाही.

वर आलो आणि दोन्ही किल्ल्या तिच्यासमोर भाजीत ठेवल्या. तिने त्या उचलून पदराला पुसल्या आणि फळीवर ठेवल्या.  संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला. म्हटलं, तुझ्या ओळखीत कुणी प्रामाणिक गिऱ्हाईक आहे का?

रविवार, १ डिसेंबर

काल मिस्त्री न्यायला आला. मी पुढे बसलो, ही मागे. नव्या माणसाला जड जातं ते शेजारच्या सीटवर बसणं. मी जन्मभर त्याच सीटवर बसलो, तरी काल जड गेलं. समोरून येणारा प्रत्येक दिवा अंगावर येतोय असं वाटत होतं आणि मी पायाने नसलेला ब्रेक दाबत होतो. मिस्त्री बघत होता, पण भला माणूस आहे, गप्प राहिला.

मला वाटलं, आपलं जे झालं ते झालं, या बाईचा शनिवार का नासवायचा? फाटा जवळ आला तेव्हा मी म्हटलं, “तलावाकडनं घे रे. हिला तलाव आवडतो.”

“नको, भाऊजी,” ही मागून म्हणाली. “हायवेनंच घ्या.”

“का गं?”

“मला नाही आवडत तलाव.”

मी हसलो. म्हटलं, “काहीतरीच! दर शनिवारी तर डोक्यावर घ्यायचीस. झाड बघा, शेळ्या बघा, वळण बघा.”

 ती नेहमीच्या आवाजात, घरखर्चाचं सांगावं तशी म्हणाली, “मला पाण्याची लहानपणापासून भीती वाटते. पोहता येत नाही मला. शनिवार उजाडूच नये असं वाटायचं. त्या उतारापाशी तर मला आवाज काढणंसुद्धा जमत नसे, तरी काढायचे.”

मिस्त्रीने फाटा सोडून गाडी सरळ हायवेला घेतली. मला आधी समजलंच नाही. आणि मग समजायला लागलं, एकेक करून. सायकलवाला. शेळ्या. अश्शी डावीकडे. मी म्हटलं, “अगं, मग बोलली का नाहीस?”

“सगळ्या रस्त्याने बोलतच तर होते,” ती म्हणाली.

 माझ्या नियमाच्या गाडीत, माझ्या शेजारी, भीतीने भिजलेली ही बाई मला दर शनिवारी पाण्याच्या कडेने हाताला धरून नेत होती, आणि मी तिला रक्तदाब तपास म्हणालो. मिस्त्रीला माहीत होतं. वहिनींना माहीत होतं. मला वाटतं शेळ्यांनाही माहीत होतं.

पुढच्या सिग्नलला मी मागे वळून बघितलं. गाडीत अंधार होता, मला काही दिसलं नाही. “झोपल्या वाटतं वहिनी,” मिस्त्री म्हणाला. तेव्हा मला तिचा श्वास ऐकू आला, संथ, थोडा घोरल्यासारखा. माझ्या गाडीत ती कधी झोपली नव्हती. ट्रक जात होते, येत होते. मिस्त्रीचं घर येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, तिची झोप मोडेल म्हणून.